शिवणीत माया ठेवा: पहिल्या नोकरीचे कपडे, बेताच्या पैशांत

जून लागला की बार्शीच्या आमच्या शिलाईच्या दुकानात गणवेशांची गर्दी व्हायची. आया पोरांना बाबांपुढं उभं करायच्या, बाबा टेप लावायचे आणि प्रत्येक आई हमखास सांगायची, "मास्टर, माया जास्त ठेवा, पोरगं वाढतंय." शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. दिवाळीनंतर तीच पोरं परत यायची. बाबा ब्लेडनं जुनी टीप उसवायचे, आतलं पाऊण इंच कापड बाहेर काढायचे, नवी टीप मारून इस्त्री फिरवायचे, आणि तोच गणवेश परीक्षेपर्यंत जायचा.

२०१४ मध्ये मी नोकरीसाठी पुण्याला आले. पहिल्या पगारात एका सेलमधून तीन तयार कुर्ते आणि दोन फॉर्मल पँटी घेतल्या. मेसचं जेवण आणि दिवसभराची खुर्ची, सहा महिन्यांत पँटी कमरेत बसेनात. त्या घेऊन मी घरी गेले. बाबांनी पँट उलटी केली, मागच्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यात मायाच नाही गं. कुठून काढू?"

तेव्हापासून मी कपडे वेगळ्या पद्धतीनं घेते. ऑफिसात नव्यानं रुजू होणारी मुलंमुली विचारतात तेव्हा त्यांना जे सांगते तेच इथं क्रमानं लिहिते आहे. दहा ते बारा हजार रुपये, तेही चार महिन्यांत विभागून, एवढ्यात नीटनेटका, रोज विश्वासानं घालता येईल असा संच उभा राहतो. खोलीभाडं आणि मेस भागवून एवढं जमतं, हे मी आधी स्वतः आणि मग बऱ्याच जणांसोबत करून पाहिलं आहे.

पहिली पायरी: रुजू होण्याआधी फक्त दोन जोड

ऑफर लेटर हातात आलं की थेट बाजार गाठावासा वाटतो. तसं करू नका. कामावर जायच्या आधी दोन चांगले जोड आणि एक बूट किंवा सँडल पुरे. बाकीची खरेदी पहिले पंधरा दिवस ऑफिस बघून झाल्यावर. कारण "फॉर्मल" या शब्दाचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. बँकेच्या शाखेत काउंटरवर इन केलेला शर्ट लागतो, आयटीत कॉलरचा टी-शर्ट खपतो, चाकणच्या कारखान्यात कंपनी गणवेशच देते आणि तुम्हाला फक्त चांगले मोजे लागतात. वकिलीत पांढरं-काळं ठरलेलंच. शाळेत शिक्षिकांना काही ठिकाणी साडीच नेसावी लागते, काही ठिकाणी कुर्ता चालतो.

एचआरला सरळ विचारून घ्या, त्यात कमीपणा नाही. आणि डोळे उघडे ठेवा. तुमच्या शेजारी बसणाऱ्यापेक्षा, ज्यांच्याकडं तुम्ही सहीसाठी कागद घेऊन जाता ती माणसं काय घालतात ते बघा.

दुसरी पायरी: आहे ते बाहेर काढा

कॉलेजचे सगळे कपडे पलंगावर टाका आणि एकेक अंगावर घालून बघा. आरशासमोर उभं राहून नव्हे, खुर्चीत बसून. बसल्यावर बटणांच्या मध्ये फट पडते का, पँट पोटरीपर्यंत वर चढते का, हात पुढं केल्यावर पाठीत ताण येतो का, हे बघायचं. दिवसातले आठ तास तुम्ही बसूनच असणार आहात.

यातून चार-पाच कपडे हमखास निघतात, ज्यांना फक्त थोडं काम हवं असतं. ढगळ शर्टाला बाजूनं आत घेणं, पँटची उंची कमी करणं, कुर्त्याची बाही लहान करणं. आमच्या भागात अशा एका दुरुस्तीला ५० ते १५० रुपये पडतात. नव्या कपड्यावर पैसे घालण्याआधी हे करून घ्या. मावसभावाचा, काकाचा चांगला शर्ट मिळत असेल तर तोही घ्या. खांदा जुळला पाहिजे, एवढीच अट. शर्टाचं बाकी सगळं बदलता येतं, पण खांदा बदलायला गेलं तर बाही, कॉलर सगळं उसवावं लागतं आणि नव्या शर्टाएवढी मजुरी होते.

तिसरी पायरी: रंग ठरवा, मग दुकानात जा

खालचे कपडे दोन रंगांचे: एक गडद निळा, एक राखाडी. काळा मी तिसरा धरते, कारण त्यावर धूळ आणि कापडाचे बारीक तंतू लगेच दिसतात आणि चार-सहा महिन्यांत तो विटका व्हायला लागतो. वरचे कपडे असे घ्या की प्रत्येक वरचा दोन्ही खालच्यांवर जाईल. पाच शर्ट आणि दोन पँटी म्हणजे दहा जोड होतात. पांढरा, आकाशी, फिकट गुलाबी, बारीक रेघांचा, बारीक चौकड्यांचा, झालं.

रंग दुकानातल्या दिव्यात पाहू नका. ताका, म्हणजे कापडाची अख्खी गुंडाळी, घेऊन दारापर्यंत या. चांगला दुकानदार स्वतःच म्हणतो, "उजेडात बघा."

चौथी पायरी: कापड ओळखायला शिका

मी शक्यतो कापड घेऊन शिवून घ्यायला सांगते आणि याच पायरीवर नव्या मुलांचा धीर सुटतो. मॉलमध्ये तयार शर्ट लटकलेला दिसतो, कापडाचं मात्र काही कळत नाही. चार गोष्टी शिकलात की कळायला लागतं.

पहिला पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी. दुकानदारानं मीटरचा भाव सांगितला की लगेच पन्हा विचारा. ५८ इंच पन्ह्याचं कापड असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण १.६० मीटर लागतं. ३६ इंच पन्ह्यात त्याच शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर. म्हणजे ३६ पन्ह्याचं "स्वस्त" कापड शेवटी महाग पडू शकतं. पँटला ५८ पन्ह्यात १.२० ते १.३० मीटर. गुडघ्यापर्यंतच्या कुर्त्याला ४४ पन्ह्यात अडीच मीटर धरा. उंच असाल तर घेण्याआधी शिवणाऱ्यालाच विचारा.

दुसरं, चुरगळणं. कापडाचं टोक मुठीत दहा सेकंद घट्ट धरा आणि सोडा. सुरकुत्या तशाच राहिल्या तर रोज इस्त्री लागणार. शंभर टक्के सुती कापड चुरगळतंच, पण आपल्याकडच्या उन्हात घाम तेच शोषतं. विदर्भात किंवा मराठवाड्यात असाल तर शर्ट सुतीच घ्या. पँटला मात्र पॉलिस्टर-व्हिस्कोसचं मिश्रण बरं, घडी टिकते आणि पावसात लवकर सुकतं. लिनन दिसतं सुंदर, पण बसमधून उतरेपर्यंत त्याची दशा होते. पहिल्या संचात ते नको.

तिसरं, सुती म्हणून पॉलिस्टर तर देत नाहीत ना? कडेचा एखादा धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडीनं पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख पडते. पॉलिस्टर वितळतं आणि टोकाला कडक मणी तयार होतो. राख आणि मणी दोन्ही मिळालं तर मिश्रण आहे.

चौथं, उलटी बाजू. चौकड्या किंवा रेघा दोन्ही बाजूंनी सारख्याच ठळक असतील तर सूत आधी रंगवून मग विणलं आहे, तो रंग टिकतो. मागून फिकट दिसत असेल तर वरून छापलेलं आहे. पांढऱ्या कापडाखाली आपला तळवा धरा. बोटं मोजता आली तर आतला बनियनही दिसणार.

कुठं घ्यायचं? पुण्यात लक्ष्मी रोड आणि रविवार पेठेतला कापडगंज, मुंबईत मंगलदास मार्केट आणि दादरचा हिंदमाता परिसर, नागपुरात गांधीबाग. इचलकरंजीच्या मागांवरचं सुती शर्टिंग या बाजारांत भरपूर येतं आणि त्यावर मोठं नाव नसल्यामुळं भाव रास्त असतो. कटपीसवाल्यांकडंही बघा. ताक्याचे उरलेले तुकडे तिथं निम्म्या भावात मिळून जातात. फक्त पूर्ण उलगडून, स्वतः टेपनं मोजून, डाग आणि तुटलेला धागा पाहून घ्या. तुकडा परत घेत नाहीत.

आषाढात लग्नसराई थांबलेली असते तेव्हा बऱ्याच दुकानांत भाव उतरतात, आणि गांधी जयंतीपासून खादी भांडारांत सूट लागते. खादीचे दोन कुर्ते किंवा शर्ट तेव्हा घेऊन ठेवा.

पाचवी पायरी: मास्टर शोधा

सगळ्या संचात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी व्यक्ती हीच. चांगला मास्टर मिळाला की ३०० रुपये मीटरचं कापडही अंगावर देखणं बसतं.

कसा शोधायचा? ऑफिसात ज्याचा शर्ट खांद्यावर नेमका बसलेला दिसतो त्याला विचारा, "कुठं शिवता?" माणसं आनंदानं सांगतात. दुकानात गेल्यावर लटकवलेल्या तयार कपड्यांपैकी एखादा उलटा करून बघायची परवानगी मागा. आतून शिवण सरळ आहे का, कडा ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून दोऱ्यानं बांधलेल्या आहेत का, काज, म्हणजे बटणांची छिद्रं, दाट धाग्यानं भरलेली आहेत का, चौकड्यांच्या शर्टाचा खिसा खालच्या चौकड्यांशी जुळतो का. खिसा जुळवणारा कारागीर बाकीचंही नीट करतो, हे बाबांचं निरीक्षण मला आजवर चुकलेलं दिसलं नाही.

पहिल्याच वेळी पाच शर्ट टाकू नका. एक शर्ट, एक पँट द्या. घालून, धुऊन, पुन्हा घालून बघा, मग बाकीचं.

कापड देण्याआधी ते पाण्यातून काढा. सुती कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवायचं, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं आणि इस्त्री करून मास्टरकडं न्यायचं. ते पहिल्या पाण्यात आटतं. शिवल्यावर आटलं तर बाही मनगटावरून वर जाते. घाईच्या दिवसांत मास्टर हे करत नाहीत, म्हणून आपणच करावं.

माप देताना ऑफिसात घालता तोच बूट आणि आतले कपडे घालून जा. पोट आत ओढून उभं राहू नका. मोबाइल, पाकीट कुठल्या खिशात ठेवता ते सांगा. आणि मग या चार गोष्टी मोठ्यानं सांगा, शक्य तर पावतीवर लिहून घ्या.

"मास्टर, पँटला मागच्या शिवणीत दीड इंच माया ठेवा." पहिल्या नोकरीत वजन बदलतं, बहुतेकांचं वाढतं. दीड इंच दोन्हीकडून मिळून कंबर चांगली सैल करता येते.

"खालच्या घडीत दोन इंच आत राहू द्या." पुढं बूट बदलला, तर उंची बदलता येईल.

"कॉलरमध्ये दोन बोटं जाऊ द्यात." वरचं बटण लावून दोन बोटं सहज फिरली पाहिजेत.

"उरलेलं कापड परत द्या." याचं कारण पुढं सांगते.

ट्रायलला वेळ काढा. खांद्याची शिवण हाडाच्या टोकावर यायला हवी, दंडावर उतरलेली किंवा मानेकडं सरकलेली नको. बाही मनगटाच्या हाडाशी थांबावी. पँटचा काठ बुटावर हलकासा टेकावा, त्याचा ढीग होऊ नये. खुर्ची मागा आणि बसून बघा. काही खटकलं तर तिथंच सांगा, नम्रपणे पण स्पष्ट. नंतर कपाटात पडून राहणाऱ्या शर्टाचा कुणालाच उपयोग नसतो.

हिशेब साधारण असा बसतो. शर्टाचं कापड साडेपाचशे आणि शिलाई चारशे, म्हणजे साडेनऊशेच्या आसपास. पँटचं कापड साडेपाचशे, शिलाई सहाशे. चार शर्ट आणि दोन पँटी सहा हजारांच्या थोडं वर जातात. शहराप्रमाणं आकडे खालीवर होतील, तालुक्याच्या गावी शिलाई बरीच कमी आहे. गावी चांगला शिंपी असेल तर सुट्टीत जाताना कापड घेऊन जा. मी अजूनही नेते.

तयार घ्यायचंच असेल तर

वेळ नसतो, हे समजू शकते. तयार शर्ट घेताना आधी खांदा बघा, मग उलटा करून माया बघा. बहुतेक तयार कपड्यांत शिवणीच्या आत जेमतेम अर्धा इंच असतो. म्हणून दोन मापांत घोटाळा होत असेल तर मोठं माप घ्या आणि बाजूनं आत घेऊन घ्या. मोठ्याचं लहान करता येतं, उलट होत नाही.

किमतीबाबत एक गोष्ट लक्षात असू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यावर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याहून महाग असेल तर १८ टक्के. २,६०० चा नग आणि २,५०० चा नग यांतला फरक म्हणून शंभर रुपयांपेक्षा जास्त पडतो.

कुर्ते आणि साड्या

मुलींनो, आपल्याला एक मोठी सोय आहे: आईचं कपाट. सुती, इरकल, नारायणपेठ, महेश्वरी, आईच्या नेहमीच्या साड्या ऑफिसात फार शोभतात. ब्लाउज मात्र आपल्या मापाचे हवेत. एक काळा, एक मोतिया रंगाचा असे दोनच साधे ब्लाउज शिवले की सहा-सात साड्या निघतात. ब्लाउजमध्ये माया ठेवायची रीत आपल्याकडं टिकून आहे, तरी सांगा. सुती साडीला साबुदाण्याची किंवा भाताच्या पेजेची पातळ खळ द्या. खळ दिलेली साडी दिवसभर निऱ्या सोडत नाही.

कुर्ता शिवताना तीन गोष्टी. फिकट रंगाला अस्तर लावा. दुचाकी चालवत असाल तर बाजूचे कट कुठपर्यंत हवेत ते बसून ठरवा. आणि बाजूच्या शिवणीत खिसा मागा. शिंपीणताई थोडे जास्त घेतात, पण लिफ्टचं कार्ड, फोन, रुमाल हातात धरून फिरायचा त्रास संपतो. मी गेली कित्येक वर्षं खिशाशिवाय एकही कुर्ता शिवलेला नाही.

ओढणी प्रत्येक कुर्त्याला वेगळी नको. एक काळी, एक पांढरी किंवा मोतिया पुरते.

पाय आणि पाऊस

बूट संध्याकाळी घ्यायला जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. तळवा वरच्या भागाला नुसता चिकटवलेला आहे की शिवलेला, ते बघा. शिवलेला असेल तर चांभारकाका नवा तळ लावून देतात आणि बूट आणखी दोन वर्षं जातो. पहिल्या बुटावर दोन हजार घालायला मी कचरत नाही. या संचात कापडापेक्षा महाग एवढी एकच वस्तू. पट्टा त्याच रंगाचा, साध्या बकलचा.

तोच बूट रोज घालू नका. आतला घाम सुकायला एक दिवस लागतो. दुसरा साधा जोड आलटून पालटून वापरा.

जून ते सप्टेंबर चामडं घालून पावसात निघू नका. कोल्हापुरी माझ्या फार आवडीची, तिच्या भौगोलिक मानांकनात आमचा सोलापूर जिल्हाही येतो, पण पाणी लागलं की ती फुगते. पावसात प्रवासाला रबरी सँडल, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कोरडा बूट, मोज्यांचा जोड आणि एक नॅपकिन. भिजलेल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दोन तासांनी बदला. हीटरजवळ किंवा उन्हात ठेवलात तर चामडं तडकतं. पावसाळ्यात पँटी गडद घाला, चिखलाचे शिंतोडे कमी दिसतात.

ब्लेझरची घाई नको

पहिल्या चार महिन्यांत ब्लेझर बहुतेकांना लागतच नाही. मुलाखतीसाठी किंवा एखाद्या कार्यक्रमासाठी मित्राचा, भावाचा आणा. घ्याल तेव्हा गडद निळा घ्या, आणि तो शिवून घ्या, कारण त्यात खांदा हेच सगळं.

धुणं, इस्त्री आणि रविवारचा अर्धा तास

कॉलर आणि कफवर आदल्या रात्री साबण चोळून ठेवा, ब्रश जोरात घासू नका. रंगीत कपडे उलटे करून सावलीत वाळवा. शर्ट जरा ओलसर असतानाच इस्त्री करा: आधी कॉलर, मग कफ, बाह्या, शेवटी पाठ आणि पुढची बाजू. बाहेर इस्त्रीला देत असाल तर पँटी द्या आणि शर्ट घरी करा, महिन्याला दीड-दोनशे वाचतात.

रविवारी अर्धा तास काढून आठवड्याचे पाच जोड लावून ठेवा. तेव्हाच सैल बटण, उसवलेली टीप दिसते. सुई, पांढरा-काळा-निळा दोरा, चार बटणं एका जुन्या डबीत ठेवा. सैल बटण पडायच्या आधी शिवलं की तसलंच बटण शोधत फिरावं लागत नाही.

आता त्या उरलेल्या कापडाचं. शर्ट पहिल्यांदा झिजतो तो कॉलरच्या घडीवर, जिथं मान घासते. अंग शाबूत, पण कॉलरचे धागे निघालेले, म्हणून लोक शर्ट टाकून देतात. मास्टरकडं न्या आणि कॉलर उलटवून मागा. ते कॉलर उसवून, पालटून, झिजलेली बाजू आत घालून पुन्हा बसवतात. कफ फाटला असेल तर त्या उरलेल्या तुकड्यातून नवा लावतात. म्हणून प्रत्येक शर्टाचं कापड मागून घ्या, शर्टाबरोबरच एकदा धुवा म्हणजे रंग सारखा राहील, आणि पिशवीत टाकून पिशवीवर मास्टरचं नाव आणि शिवल्याचा महिना लिहून ठेवा. माझा २०१६ चा आकाशी शर्ट अशाच दुसऱ्या कॉलरवर चालू आहे, आणि पिशवीत आणखी एका कॉलरपुरतं कापड शिल्लक आहे.